चाळणघरातले खिळे

माझ्या आईला तिच्या कारखान्याने फसवलं. फसवणारा माणूस म्हणजे फोरमन बॅरी. त्याने त्या दिवशी दोन वाक्यं खरी बोलली असती तर आईच्या नावाला डाग लागला नसता. तो बोलला नाही, आणि आज म्हातारपणी त्याच जागेवर छातीला बिल्ला लावून तो लोकांना खोटी गोष्ट सांगत फिरतो. खरं सांगू शकेल असं तिथे आणखी एक माणूस होतं, ती मी. माझ्याबद्दलही मी लपवून ठेवणार नाही, पण आधी कारखाना काय होता आणि माझी आई तिथे काय होती ते लिहिते, कारण ते कोणी लिहिलेलं नाही.

आम्ही सिडनीला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा पुण्याचे फिटर, इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळालं होतं. पॅरामॅटाच्या पश्चिमेला फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या, पातळ भिंतींचं एक भाड्याचं घर होतं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं आणि थंडीत बाहेरच्यापेक्षा गार. आज वेंटवर्थव्हिलच्या रस्त्यावर उभं राहिलं की कढीपत्त्याची जुडी, ताजा फरसाण, सगळं हाताशी असतं. तेव्हा आई हळद, हिंग, चिंच फिजीहून आलेल्या एका बाईच्या गॅरेजमधून आणायची आणि ती बाई उघडायची फक्त शनिवारी. ज्वारी नव्हतीच. आई गव्हाच्या जाड्या पोळ्या करायची आणि त्यांना भाकरी म्हणायची. आम्हीही म्हणायचो.

घरापासून दोन बस बदलून गेलं की ओढ्याकाठी तो दारूखाना होता. काळी दारू, खाणीतल्या सुरुंगाची, वातीची, आतषबाजीची. फार जुना, इथल्या पहिल्या रस्त्यांसाठी दगड फोडायला सुरू झालेला. पंचवीसेक छोट्या लाकडी इमारती, एकीपासून दुसरी लांब, आणि प्रत्येकीभोवती डोक्यापेक्षा उंच मातीचा बांध. म्हणजे एक उडाली तर शेजारची उडू नये. छपरं मुद्दाम हलकी ठेवलेली, धक्का वर निघून जावा म्हणून. ओढ्याच्या कडेने विलोची झाडं होती, त्यांचाच कोळसा दारूत जायचा. मी एवढे कारखाने पाहिले, पण इतका शांत कारखाना पाहिला नाही. लाकडी रुळांवर लाकडी चाकांचे ढकलगाडे, सगळ्यांच्या पायात नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, सपाता, कोणी धावायचं नाही, कोणी काही फेकायचं नाही. माणसांपेक्षा मॅगपाय पक्ष्यांचा आवाज जास्त.

आई तिथे कशी पोचली ते सांगण्यासारखं आहे. तिचं माहेर सांगलीकडचं, आणि गावच्या जत्रेत शोभेची दारू उडवण्याचा मान त्यांच्या घराचा. तुरकाट्या जाळून कोळसा करणं, गंधक कुटणं, सोरा धुऊन वाळवणं हे ती परकर नेसत होती तेव्हापासून करत आलेली. बस स्टॉपवर एका बाईच्या कपड्यांना येणारा वास तिने ओळखला आणि खुणांनी विचारलं, कुठं काम करता. ती बाई माल्टाची, कार्मेन. कार्मेन तिला दुसऱ्या दिवशी फाटकावर घेऊन गेली. आईला इंग्रजीचे वीसेक शब्द येत होते. बॅरी तेव्हा तिशीचा असेल, लालबुंद मानेचा, नवानवा फोरमन झालेला. त्याने मान हलवून नाही म्हटलं. आईने टेबलावरच्या नमुन्याच्या बशीतून चिमूटभर दाणे उचलले, बोटांत चुरडले, कानाशी नेले आणि म्हणाली, "वेट." म्हणजे ओलं. बॅरी हसला. मग त्याने तो नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि दाणे खरंच दमट निघाले. सोमवारपासून ये, असं त्याने कार्मेनकडून सांगवलं.

घरी मात्र बाबांनी एक अट घातली. माझे बाबा मऊ माणूस, कोणावर आवाज चढवला नाही, तो गुण मला लागला नाही. पण एका गोष्टीत ते हटायचे नाहीत. परदेशात आलो म्हणून बाईने गळा मोकळा ठेवायचा नाही. काम कर, पण मंगळसूत्र उतरवायचं नाही. आई हो म्हणाली.

दारूखान्याचा नियम नेमका उलटा. दारात गुडघाभर उंच एक फळी आडवी बसवलेली असायची. फळीच्या अलीकडचं जग मळकं, पलीकडचं स्वच्छ. अलीकडे बूट काढायचे, फळीवर बसून पाय पलीकडे टाकायचे आणि नमद्याच्या सपाता घालायच्या. कपडे कारखान्याचे, खिसे नसलेले, बटणांऐवजी नाड्या. अंगावर धातूचा कणसुद्धा नको: अंगठी नाही, केसांचा आकडा नाही, चावी नाही. काडेपेटी सापडली तर त्याच क्षणी घरी. झडतीच्या खोलीत कार्मेन बसायची. ती प्रत्येक बाईला चाचपायची, निघेल ते कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवायची आणि नावापुढे सही करायची की अंगावर धातू नाही.

पहिल्या दिवशी आई मंगळसूत्राला हात लावून तिथेच उभी राहिली. मग घरी आली आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात आणखी एक दोरा घालून गेली: हळदीने पिवळा केलेला सुती दोरा आणि त्याला बांधलेलं हळकुंड. ज्या घरात सोनं नसतं, किंवा मोडलेलं मंगळसूत्र सोनाराकडे असतं, तिथे बायका हेच बांधतात आणि त्याचा मान तेवढाच असतो. बॅरी म्हणाला, हेही चालणार नाही. आईने हळकुंड सोडून दगडी पायरीवर ठेवलं आणि हातोडीची खूण केली. त्याने खरोखर हातोडी मागवली, फळीच्या अलीकडे, आणि आईने त्याच्यासमोर हळकुंड ठेचलं. पिवळा भुगा झाला, ठिणगी नाही. "सी?" आई म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून ती नवं हळकुंड बांधून आत जायला लागली. मंगळसूत्र रोज कार्मेनच्या पिशवीत. परत येताना बस स्टॉपवर पुन्हा गळ्यात. बाबांना यातलं काही सांगितलं नाही, आणि मला सांगितलं ते माझ्या गळ्याची शपथ घालून. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण हातात काही नसताना नियम वाकवणारी बाई मी एकच पाहिली.

शाळेचं दहावं वर्ष संपलं आणि मीही तिथे लागले, सतराव्या वर्षी. आईच्या हाताखाली, चाळणघरात. दळलेली दारू दाबून तिच्या वड्या करायचे, त्या वड्या फोडून दाणे, आणि ते दाणे आमच्याकडे यायचे. एक मोठी हलती चाळण होती, बाहेरून आत आलेल्या दांड्यावर चालणारी, दिवसभर डुगडुग करायची आणि खालची फळ्यांची जमीन तिच्याबरोबर थरथरायची. आम्ही सहा बायका दाणे आकाराप्रमाणे वेगळे करायचो. आकारांना तिथे नंबर होते, आईला नंबर लक्षात राहायचे नाहीत. तिने आपली नावं ठेवली: रवा, भगर, मोहरी. वर्षभरात सगळं चाळणघर तिची नावं बोलायला लागलं. युगोस्लाव्हियाची एक उंच बाई दारातून ओरडून सांगायची, "इंदू, टू बॅग्ज मोहरी." बॅरीसुद्धा पिशव्यांवर खडूने आर, बी, एम लिहायचा. सुपरवायझर नाही, चार्जहँड म्हणजे मुकादमही नाही, मजूर बाई होती माझी आई. पण कोणता माल ओला, कोणता भुगा जास्त, कोणता परत दाबायला पाठवायचा हे तिच्या बोटांवर ठरायचं आणि प्रयोगशाळेचा कागद दोन तासांनी येऊन तेच म्हणायचा.

काम सोपं नव्हतं. दारूचा काळा थर त्वचेत बसायचा, नखांच्या कडेने, कानामागे. घाम जिभेला गंधकाचा लागायचा. उभं राहून राहून आईच्या पोटऱ्यांवर शिरा उठल्या, त्या अजून आहेत. जेवणाच्या सुट्टीत बांधाबाहेर झाडाखाली बसायचं. कार्मेन मटाराची नाहीतर चीजची करंजीसारखी पेस्ट्री आणायची, आई पोळीत लसणाची चटणी गुंडाळून आणायची, आणि दोघी एकमेकींचे डबे खाऊन एकमेकींना नावं ठेवायच्या. तुझं तिखट म्हणजे आमच्या दारू दळायच्या मिलपेक्षा धोकादायक, असं कार्मेन म्हणायची. आई मला मराठीत सांगायची, हिला सांग, हिच्या करंजीत मीठ घालायला हिची सासू विसरली का. त्या झाडाखाली माझी आई जितकं हसली तितकी ती घरात हसलेली मला आठवत नाही.

आता खिळ्यांचं. चाळणघराच्या जमिनीला सगळे खिळे तांब्याचे होते, कारण तांब्यावर काही आपटलं, घासलं तरी ठिणगी पडत नाही. लोखंडावर पडते. त्या उन्हाळ्यात चाळणीच्या थरथरीने जमिनीच्या चार-पाच फळ्या सुटल्या आणि एका शनिवारी, आम्ही नसताना, त्या बदलल्या. सोमवारी आई नेहमीप्रमाणे जमीन ओल्या फडक्याने पुसत होती. जमीन रोज ओली करायची, हा नियमच होता. मंगळवारी सकाळी तिने मला खाली वाकवून दाखवलं. नव्या फळ्यांवर खिळ्यांच्या डोक्यांभोवती तांबूस कडी उमटली होती.

"तांब्याला असा डाग येतो का गं?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "तांब्याला हिरवा येतो."

"हा गंज आहे."

खिळ्यांची डोकी दारूच्या थराने सगळी सारखीच काळी होती, पाहून कळत नव्हतं. आम्ही बॅरीकडे गेलो. मीच इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला फळीच्या लाकडाचा रंग सुटला असेल, नो वरीज, लव्ह. बुधवारी ती घरून सुपारीएवढी चिंच घेऊन आली, पदरात नाही, पदर नव्हताच, तोंडात धरून. झडतीत कार्मेन तोंड बघत नाही. आत गेल्यावर आईने चिंच काढली आणि एका जुन्या खिळ्यावर घासली, घरी तांब्याचा हंडा घासायची तशी. खिळा लाल झळझळीत उघडा पडला. मग नव्या खिळ्यावर घासली. तो पांढुरका निघाला, पोलादासारखा. दुसराही तसाच. तिसराही. बाहेरची वस्तू फळीपलीकडे नेणं हा गुन्हा होता, हे तिला माहीत होतं. तरी तिने केलं, कारण आमच्यासारख्या घरातली बाई धातू ओळखायचा तर चिंचेनेच ओळखते, आणि तिला खात्री करूनच बोलायचं होतं.

बॅरीला बोलावलं. त्याने वाकून दोन्ही खिळे पाहिले. त्याची मान आणखी लाल झाली. मग तो जे बोलला ते मी शब्दशः लिहिते, कारण ते ऐकणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

"तांब्याचे खिळे यायला उशीर झालाय. आठवड्याभराचा प्रश्न आहे. तुम्ही काम चालू ठेवा, मी बघतो."

मी आईला सांगितलं. आईने चाळणीकडे पाहिलं, मग दाराबाहेर. पश्चिमेकडून कोरडा गरम वारा सुटला होता, ओल्या फडक्याने पुसलेली जमीन पाठ फिरेपर्यंत वाळत होती. आई म्हणाली, "याला सांग, आठवडाभर चाळण बंद ठेव." मी सांगितलं. चाळण बंद करायचा खटका बांधाबाहेर होता आणि तो फक्त फोरमनने हलवायचा. बॅरी नाही म्हणाला, ऑर्डर अडकली आहे. मग आईने हातातलं फावडं, लाकडी, भिंतीला टेकवलं आणि बायकांना हाताने खूण केली, चला. कुणी विचारलं नाही का. रवा, भगर, मोहरी शिकलेल्या त्या पाचही बायका फळी ओलांडून तिच्यामागे बाहेर आल्या. आम्ही झाडाखाली जाऊन बसलो. बॅरी मागून आला, आधी विनवत, मग नोकरीची धमकी देत. आई मांडी घालून बसून राहिली. आत रिकामी चाळण डुगडुगत होती, भरलेल्या पिशव्यांखाली फळ्या त्या खिळ्यांवर थरथरत होत्या. वीसेक मिनिटांनी छप्पर गेलं.

आवाजाचं वर्णन मला करता येत नाही. छातीत आत काहीतरी ढकलल्यासारखं झालं आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. हलक्या फळ्या कागदासारख्या वर गेल्या, बांधाने बाकीचं अडवलं. पांढरा धूर विलोंवरून ओढ्यापलीकडे सरकत गेला. बॅरीच्या कानातून रक्त येत होतं. आईने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या कानावर धरला. सात माणसं जिवंत होती, तो धरून. ती जिवंत होती कारण एका मजूर बाईने उठून जायचं ठरवलं. मी त्यानंतर चाळीस वर्षं जुन्या बांधकामाच्या मालाचा धंदा केला, पाडलेल्या घरांच्या विटा, फळ्या, कौलं घेतली-विकली, भल्याभल्या बिल्डरांशी घासाघीस केली. पण त्या झाडाखाली धमकी ऐकत मांडी न मोडणाऱ्या बाईएवढा पक्का माणूस मला समोरच्या बाजूला कधी भेटला नाही.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली, ऑफिसच्या मागच्या हॉलमध्ये. टाय लावलेली माणसं, एक कंपनीचा वकील, कोपऱ्यात कानाला पट्टी लावलेला बॅरी. दुभाषी मी, कारण दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी रजा घेतली होती आणि कोट घातला होता. आणि आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून, बांगड्या भरून, गळ्यात मंगळसूत्र घालून आली होती. साहेबांसमोर जायचं म्हणजे असंच जायचं, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

आईने खिळ्यांचं सांगितलं, मी भाषांतर केलं. वकिलाने विचारलं, हे कशावरून कळलं. चिंचेवरून. म्हणजे तुम्ही बाहेरची वस्तू आत नेली होती. हो. त्याने ते लिहून घेतलं. जमिनीच्या फळ्या जळून गेल्या होत्या, खिळे कुठे गेले कोणी सांगेना. बॅरीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, फळ्या ठरलेल्या पद्धतीने बदलल्या होत्या. एवढंच. मग वकील आईच्या गळ्याकडे बघून अगदी मृदू आवाजात म्हणाला, फार सुंदर आहे, लग्नातलं का? मी भाषांतर केलं. आई हसून हो म्हणाली.

"तुम्ही हे कामावर घालत होता का?"

मी मराठीत विचारलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा कोटाच्या बाह्या सारख्या करत तिच्याकडेच बघत होते.

"सांग त्याला," आई म्हणाली, "मी हे कधीच काढत नाही."

मला खरं माहीत होतं. कार्मेनची पिशवी, बस स्टॉप, हळकुंड, सगळं. आणि मला हेही दिसत होतं की आई त्या वकिलाला उत्तर देत नाहीये, बाबांना देतेय. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. भाव करताना समोरच्याच्या प्रश्नामागचा प्रश्न ओळखावा लागतो, हा धडा मला त्या दिवशी मिळाला, पण उत्तर देऊन झाल्यावर. कार्मेनला साक्षीला बोलावलंच नाही, चाळणघरातल्या बाकीच्या बायकांनाही नाही. तिच्या सहीची वही, जिच्यात रोज आईच्या नावापुढे धातू नाही असं लिहिलेलं होतं, ती टेबलावर आली नाही. बॅरीने माझ्या आईला दीड वर्ष रोज हळकुंड घालून आत जाताना पाहिलं होतं. हातोडी त्यानेच मागवली होती. तो आपल्या बुटांकडे बघत बसला.

अहवालात आलं की मजूर स्त्रीच्या धातूच्या दागिन्याचा तुकडा चाळणीत पडून घर्षण झालं असावं. तो दागिना हॉलमध्ये तिच्या गळ्यात होता, दोन्ही वाट्या, सगळे मणी, एक कडी कमी नाही. सोन्याने ठिणगी पडत नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. पण आई स्वतःच म्हणाली होती कधी काढत नाही, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. तिला काढून टाकलं. मी त्याच दिवशी सोडलं, बॅरीच्या ऑफिसात जाऊन त्याला मला येत होत्या तेवढ्या तीन भाषांत शिव्या देऊन. बाहेर आल्यावर आई म्हणाली, तोंड आवर, तुझे बाबा फाटकावर उभे आहेत. बाबांनी घरी जाताना बसमध्ये तिचा हात धरला. त्यांनी आधी कधी चारचौघांत धरला नव्हता. इतकं होऊनही तू काढलं नाहीस, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर खरं सांगायचा मार्गच बंद झाला. बाबा जगले तोवर पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, हिची नोकरी गेली पण हिने गळा मोकळा ठेवला नाही. आई स्वयंपाकघरात भांडी लावत राहायची.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, कॅसल हिलला माझ्याकडे असते. गेल्या वर्षी माझी नात शाळेच्या सहलीहून आली. दारूखाना आता वारसास्थळ झालाय. कॅफे आहे, बांधांवर हिरवळ आहे, शाळांच्या बस येतात. तिच्या हातात प्रश्नांचा कागद होता आणि एका प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं की एका कामगार बाईने नेकलेस काढायला नकार दिला म्हणून इमारत उडाली. "दॅट्स व्हॉट द ओल्ड गाइड सेड, आजी. शी वॉज सो सिली." आई शेजारीच मटार सोलत होती. तिला इंग्रजी बोलता येत नाही, साधं समजतं. तिने मटार सोलणं थांबवलं नाही. नात आत गेल्यावर म्हणाली, "कुमुद, आता तुझे बाबा नाहीत. आता सांग."

मी पुढच्या रविवारी तिकीट काढून गेले. गाइड बॅरीच होता, पांढरा झालेला, एका कानात यंत्र. मी गटाच्या मागे उभी राहिले. चाळणघराच्या बांधाजवळ फलक आहे, त्यावर तीच गोष्ट छापली आहे, आणि बॅरीने ती चांगली रंगवून सांगितली, लोक हसले. मी पुढे गेले. त्याने मला ओळखलं, चेहऱ्यावरून कळलं.

"खिळे कसले होते, बॅरी?" मी विचारलं.

"लाँग टाइम अगो, लव्ह. अहवालात जे आहे ते मी सांगतो."

"अहवाल वाचायला मला येतं. तू काय पाहिलंस ते विचारतेय."

तो गटाकडे वळला आणि म्हणाला, आता आपण मिलकडे जाऊ.

मी वारसास्थळाच्या समितीला पत्र लिहिलं. झडतीची वही त्यांच्या संग्रहात आहे, हे त्यांनी कबूल केलं. पानं नाजूक आहेत म्हणून दाखवता येत नाहीत म्हणाले. मी दुसरं पत्र वकिलाकडून पाठवलं तेव्हा त्यांनी तोडगा काढला: फलकावर "नेकलेसमुळे" ऐवजी "नेकलेसमुळे असू शकेल" असं लिहू. एक चहापान ठेवू, आईला सन्मानाने बोलावू. मी आयुष्यभर तोडगे ऐकत आले. अर्धा डाग पुसून मिळेल असा भाव मी स्वीकारत नाही. माझा वाटा मी इथे लिहिला: मी गप्प बसले, ते खोटं माझ्या तोंडातून इंग्रजीत गेलं, आणि त्याची लाज मला आहे. समितीने वही उघडावी, पान लावून काचेत ठेवावं, तो फलक उतरवावा. ते त्यांचं काम झालं.

पण त्यांच्याकडून मला उत्तर नकोय. खिळे त्यांनी ठोकले नव्हते. बॅरी, तू जिवंत आहेस आणि इंदू जिवंत आहे. येत्या रविवारी मी तिला व्हीलचेअरवर घेऊन येतेय, तुझ्या अकरा वाजताच्या गटाला. ती पुढे बसेल. तिला समजेल अशा सोप्या इंग्रजीत, सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून सांग: ते खिळे कसले होते, ते कोणाच्या हुकमाने ठोकले गेले, आणि तुझ्या कानावर रुमाल धरणाऱ्या बाईच्या नावावर तू हे इतकी वर्षं का राहू दिलंस.